सोनेरी रंगातलं भंगार

स्वच्छ सर्वेक्षणाचं पथक येणार अशी कुणकुण लागली की आमच्या शहरात चौकाचौकांत प्राणी उगवतात. मोर, सिंह, घोडा, क्वचित एखादा गेंडा. सगळे लोखंडी, सगळे सोनेरी. पायाशी ‘टाकाऊतून टिकाऊ’ असा फलक आणि त्यावर वरपासून खालपर्यंत साहेबांच्या नावांची उतरंड. ज्यानं उन्हात बसून वेल्डिंग केलं, त्याचं नाव तेवढं सापडत नाही. मला या प्राण्यांचा मनापासून राग येतो. ते कुरूप आहेत म्हणून नाही. कुरूप तर आपले निम्मे पुतळेही आहेत, त्यांची सवय झालीय. राग येतो तो फलकावरच्या थापेचा.

लोखंड आपल्याकडे टाकाऊ होतं कधी? रस्त्यावर लोखंडाचा तुकडा रात्रभर पडून राहिलेला कुणी पाहिलाय? गटाराचं झाकण बसवल्यावर सकाळपर्यंत टिकलं तर नवल. भंगारवाल्याच्या काट्यावर बीड वेगळं, पत्रा वेगळा, तांब्या-पितळेला तर कापसात ठेवल्यासारखं जपतात. तिथून माल ट्रकनं जालन्याच्या भट्ट्यांत जातो आणि सळई होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये परत येतो. हे चक्र फिरवायला कुठल्याही महापालिकेनं ना निविदा काढली, ना उद्घाटन केलं. एक टन भंगार वितळवून पोलाद केलं की साधारण १.४ टन खनिज खणायचं वाचतं. म्हणजे टनभर लोखंडाचा मोर करून चौकात उभा केला, तर तो माल पुनर्वापरात आला नाही. चांगल्या चाललेल्या पुनर्वापरातून उचलून आणला. खरा कचरा आहे गुटख्याच्या पुड्यांचा, वेफर्सच्या चकचकीत पाकिटांचा, डायपरचा, ओल्या-सुक्याच्या सडलेल्या काल्याचा. त्याचा सिंह करून दाखवा की. त्याला ना काट्यावर भाव, ना फोटोत रूप.

या रोगाचा नमुना पाहायचा तर दिल्लीला जावं. सराय काले खाँ इथं फेब्रुवारी २०१९ मध्ये दक्षिण दिल्ली महापालिकेनं ‘वेस्ट टू वंडर’ पार्क उघडलं. जगातली सात आश्चर्यं, दीडशे टन भंगारातून: ताजमहाल, पिरॅमिड, आयफेल टॉवर, पिसाचा कलता मनोरा, सगळं हजर. खर्च साडेसात कोटींच्या घरात. दीडशे टन लोखंडाला किलोमागे पंचवीस-तीस रुपये धरा, चाळीस लाखांच्या आसपास मालाची किंमत होते. म्हणजे फुकटातली कला म्हणून मिरवू नये. कल्पनाही उसनी: राजस्थानात कोट्याला असाच बगीचा आधीपासून होता आणि तो एका हिंदी सिनेमात दिसला होता. ज्या शहरात खरा लाल किल्ला आणि खरा कुतुबमिनार आहे, तिथं लोक भंगारातून केलेल्या स्वातंत्र्यदेवतेपुढे सेल्फी काढतात. यमुनेपलीकडे गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर उभाच आहे. १ सप्टेंबर २०१७ रोजी तो कोसळला आणि दोन माणसं गेली. (तेव्हा दिल्लीच्या महापालिकेचे तीन तुकडे होते, डोंगर पूर्वेच्या वाट्याला, आश्चर्यं दक्षिणेच्या. वाटणी झकास झाली होती.)

त्याच दिल्लीत मायापुरी नावाचा भंगार बाजार आहे. २०१० साली दिल्ली विद्यापीठानं प्रयोगशाळेतलं जुनं किरणोत्सारी यंत्र लिलावात काढलं. आत कोबाल्ट-६० होतं. मायापुरीतल्या कामगारांनी नेहमीचा माल समजून ते फोडलं. अनेक जण होरपळले, एक जण मेला. भंगार म्हणजे काय, ते कोण कापतं आणि आपण त्याच्या अंगावर काय काय लोटून मोकळे होतो, हे सांगणारं शिल्प त्या शहराला सुचायला हवं होतं. सुचला आयफेल टॉवर.

नेकचंदला मात्र कुणी काही सुचवलं नव्हतं. चंदीगडच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातला हा रस्ता-निरीक्षक. नवं शहर वसवायला जुनी गावं पाडली, त्यांचा राडारोडा त्यानं १९५७ पासून सुखना तलावाजवळच्या सरकारी जंगलात गुपचूप नेला. फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, मोडक्या सायकलींचे सांगाडे. त्यातून माणसं आणि जनावरं उभी केली, पलटणच्या पलटण. सगळं बेकायदा. सरकारला पत्ता लागेपर्यंत वर्षं गेली, १९७६ मध्ये बाग लोकांना खुली झाली आणि १९९० मध्ये बुलडोझर आले तेव्हा नागरिकच आडवे उभे राहिले. आमच्या सोनेरी गेंड्यासाठी कोण आडवं पडेल? नेकचंदनं घडवलेल्या बाईच्या अंगावरची बांगडी बांगडीच राहते. कुणाच्या तरी मनगटावर ती फुटली, हे दिसत राहतं.

मोझांबिकमध्येही तेच. सोळा वर्षांचं यादवी युद्ध १९९२ मध्ये संपलं. मग १९९५ पासून तिथल्या चर्चच्या मंडळींनी लोकांकडून बंदुका घेऊन बदल्यात शिलाई यंत्रं, सायकली, कुदळी द्यायला सुरुवात केली. बंदुका कापून कलावंतांना दिल्या. त्यांनी केलेला जीवनवृक्ष ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. झाड म्हणून तो बरा आहे, पण नजर खिळते ती बंदुकांच्या तुकड्यांवर. कुणी त्यांना सोनेरी रंग फासला नाही.

आमच्या चौकातल्या मोराजवळ जाऊन मी त्याचा गळा न्याहाळला. मोटारसायकलच्या चेन एकीला एक जोडलेल्या, मधेमधे क्लचप्लेटा. छातीवर पाण्याच्या मीटरचं बीडाचं झाकण, आणि त्यावरचा नंबर अजून वाचता येत होता, कारण रंगाऱ्याचा ब्रश तिथवर पोचला नव्हता. अख्ख्या मोरात पाहण्यासारखी तेवढीच जागा. पिसाऱ्याची खालची पिसं गेल्या पावसाळ्यात कुणीतरी कापून नेली. त्यावर मोठा गहजब झाला. मला तर ते लोखंड सन्मार्गाला लागल्यासारखं वाटलं.

पुण्यात १९९३ साली कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. हातानं पत्रा निवडणाऱ्या त्या बायांना साधं ओळखपत्र मिळवायलाही झगडावं लागलं. इथं मोराला दगडी चौथरा, कारंजं, रात्रीचे दिवे आणि देखभालीचा वार्षिक ठेका.

तेव्हा पुढची निविदा काढाल तर दोन अटी घाला. रंग लावायचा नाही. आणि फलकावर वरच्या ओळीत वेल्डरचं आणि माल निवडणाऱ्या बाईचं नाव, साहेबांची खाली, जागा उरली तर. हे जमणार नसेल तर माल जालन्याला पाठवा. आमच्या वॉर्डातल्या शाळेचा जिना अर्धवट पडलाय, त्याला सळई हवीच आहे.