दूरची मोटार
अ‍ॅमस्टेलव्हीनमधील आमच्या बांधवांना सुमारे २०० किलोमीटरवरील मास्ट्रिख्टच्या अनोळखी गृहस्थाकडून वापरलेली मोटार घ्यावयाची असल्यास प्रथम तिचा नंबर मागवावा, असे आम्ही सुचवितो. त्यावरून आरडीडब्ल्यू हे वाहननोंदणी खाते नियतकालिक तपासणीची मुदत आणि मीटरच्या नोंदी सुसंगत आहेत की नाहीत, हे विनामूल्य कळविते. मीटर मागे फिरविणे नेदरलँड्समध्ये २०१४ पासून गुन्हा आहे.

परंतु विकणाऱ्याची नियत कोणत्याही नोंदवहीत उतरत नाही. नवीन देशात स्थिरावू पाहणाऱ्या कुटुंबाची ती कष्टाची पुंजी असते. म्हणून घरबसल्या बयाणा धाडू नये. एक दिवस मोडावा, गाडी चालवून पाहावी आणि मालकी स्वतःच्या नावे चढतेवेळीच पैसे द्यावेत. आगगाडीचे भाडे बुडालेल्या बयाण्याहून स्वस्तच पडेल.