कापसाच्या जिल्ह्यातले घुमणारे हॉल

आमच्या वर्धा जिल्ह्यात नवा हॉल दाखवताना घरमालकाच्या तोंडी एक शब्द हमखास येतो: ‘साधा’. गुळगुळीत टाइल्स, कोऱ्या भिंती, रेक्झिनचा सोफा, काचेचा टीपॉय आणि टीव्हीखाली महागडा साउंडबार. सेवाग्राम जवळ असल्याने या रिकामेपणाला गांधीजींचा आधारही दिला जातो. माझा या साधेपणावर आक्षेप आहे. तो फक्त डोळ्यांपुरता आहे. कानांना तिथे नुसता कल्ला ऐकू येतो.

बापूकुटीचा दाखला तर देऊच नये. तिथे माती, बांबू, कवेलू आणि चटया आहेत. कवेलूंच्या फटींतून आवाजालाही वाट मिळते. स्लॅबच्या बंद पेटीत तो जाणार कुठे? भिंतीभिंतींवर आपटत राहतो.

हे कळून शतक उलटले. 1895 साली हार्वर्डमध्ये वॉलेस सबाइन यांच्याकडे एक व्याख्यान-सभागृह दुरुस्तीला आले. बोललेला शब्द तिथे साडेपाच सेकंद घुमत असे. सबाइन यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, मांडल्या आणि मोजले. गाद्या वाढत गेल्या तसा घुमारा सेकंदाच्या आसपास आला. आवाज किती शोषला जातो, हे ते उघड्या खिडकीच्या मापाने मोजत.

त्यांचेच सूत्र आपल्या हॉलला लावू. खोली 5 बाय 4 मीटर, उंची 3 मीटर, दारे-खिडक्या बंद. टाइल्स आणि गिलावा मिळून सरासरी 3 टक्केच आवाज शोषतात असे धरले, तर घुमारा सव्वातीन सेकंदांच्या पुढे जातो. भिंतीलगत कापसाची गादी, जमिनीवर सतरंजी, चुण्यांचे जाड पडदे, कापडी सोफा, पुस्तकांचे उघडे कपाट आणि चार माणसे मिळून 10 चौरस मीटर उघड्या खिडकीचे काम झाले, की तोच पाऊण सेकंदावर येतो. हिशेब ढोबळ आहे, पण फरक ढोबळ नाही. रिकाम्या खोलीत तानपुरा सगळी पोकळी भरून टाकतो, तबल्याचे बोल एकमेकांत मिसळतात आणि दोष मात्र रेकॉर्डिंगला मिळतो.

गाण्यापेक्षा मोठे नुकसान माणसांचे होते. माझ्या ओळखीच्या एका घरात, नव्या घरी आल्यापासून आईला ‘ऐकू येत नाही’ असे ठरले. त्याच आई अंगणातल्या बाजेवर बसून सगळे नीट ऐकत. कान थकले असतील, यंत्रही लागेल; पण श्रवणयंत्र शब्दाबरोबर घुमाराही मोठा करते. म्हातारी माणसे मग बोलणेच सोडतात आणि आपण म्हणतो, वय झाले.

‘गाद्या-पडद्यांवर धूळ बसते, वाळवी लागते, झाडायचे कोणी?’ हा प्रश्न खरा आहे, कारण बहुतेक घरांत झाडू बाईच्याच हातात असतो. म्हणूनच धुता येणारे पडदे घ्या, गादीला खोळ घाला आणि उन्हात टाकायचे काम गाणे ऐकणाऱ्याने करावे. पातळ फोमच्या चौकोनांनी मात्र फसू नका: ते वरचे सूर गिळतात, डग्ग्याचा घुमार तसाच राहतो. त्याला जाडीच लागते.

हिंगणघाटच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागतात, त्या जिल्ह्यात आपण आजीची गादी भंगारात देतो आणि आवाज शोषायला फोम विकत घेतो. नवा स्पीकर घेण्याआधी हॉलमध्ये एक टाळी वाजवा. ती झणझणत राहिली, तर पैसे खिशात ठेवा आणि माळ्यावरची गादी खाली काढा.