सेंद्रिय अन्न कोणाच्या ताटात?

सेंद्रिय अन्न भारताला परवडेल का, हा प्रश्न गेली काही वर्षे दोन अगदी वेगळ्या ठिकाणी चर्चिला जातो. एक ठिकाण महानगरांतील दुकानांचे. तेथे ‘सेंद्रिय’ असा शिक्का असलेली डाळ शेजारच्या साध्या डाळीपेक्षा बऱ्याच चढ्या दराने विकली जाते आणि घेणाऱ्याला आपण आरोग्य विकत घेतल्याचे समाधान मिळते. दुसरे ठिकाण सरकारी व्यासपीठांचे. तेथे नैसर्गिक शेती हा शेतकऱ्याचा वाढता खर्च आणि जमिनीचा ऱ्हास या दोहोंवरचा उपाय म्हणून मांडला जातो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली शिधापत्रिकेवर दरमहा माणशी पाच किलो धान्य घेणारा नागरिक या दोन्ही चर्चांत सहसा नसतो. असे लाभार्थी सुमारे ८० कोटी आहेत. सेंद्रिय किंवा घरी पिकवलेले अन्न लोकांची गरज परवडेल अशा दरात भागवू शकते का, याचे उत्तर त्यांच्या ताटाकडे पाहूनच द्यायला हवे, असे मला वाटते.

त्यासाठी एक मोजपट्टी आपल्याकडे आधीच आहे. शाळेतील मध्यान्ह भोजन आता ‘पीएम पोषण’ या नावाने ओळखले जाते. त्यात प्राथमिक वर्गातील मुलामागे डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी मे २०२५ पासून दररोज ६ रुपये ७८ पैसे मिळतात. धान्य केंद्राकडून वेगळे येते. या रकमेत २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल बसवायचे असते. ‘परवडणारे’ या शब्दाचा भारतातील व्यवहारी अर्थ हा आहे. जे अन्न या पावणेसात रुपयांत बसत नाही ते चांगले असेल, पण ते देशाच्या अन्नप्रश्नाचे उत्तर नव्हे.

घरी पिकवण्याचा हिशेब आधी करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार मार्गदर्शिकेतील नमुना ताटात दिवसाला २५० ग्रॅम तृणधान्ये आणि ४०० ग्रॅम भाज्या आहेत. पाच माणसांच्या कुटुंबाला या हिशेबाने वर्षाला साडेचारशे किलोंहून थोडे अधिक धान्य लागेल. तांदळाची देशातील सरासरी उत्पादकता हेक्टरी पावणेतीन-तीन टनांच्या आसपास आहे. म्हणजे केवळ धान्यासाठी त्या कुटुंबाला साधारण सोळा गुंठे जमीन हवी, तीही सरासरी पीक देणारी. शहरातील गच्ची सोडाच, खेड्यातील भूमिहीन मजुराच्या घरामागेही इतकी जागा नसते. पोट भरण्यासाठी लागणारे धान्य शेतातूनच यावे लागेल आणि गरिबापर्यंत ते शिधावाटप दुकानातूनच पोहोचेल.

भाजीचे गणित मात्र निराळे आहे. पालेभाज्या, शेवगा, भोपळा, दोडका, वाल यांना जागा कमी लागते, हंगाम लहान असतो आणि तोडलेली भाजी लगेच खाता येते. भारतीय आहारातील मोठी उणीवही नेमकी येथेच आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या, तर पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. धान्याची कोठारे भरलेली असताना हे घडते, कारण ताटात भात-पोळी आहे, पण सोबत भाजी, डाळ, दूध, अंडे पुरेसे नाही. परसबाग ही उणीव पूर्ण भरून काढणार नाही; तरीही ती कमी करण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्गांपैकी एक आहे. त्याला ‘फुकट’ मात्र म्हणू नये. परसबागेला पाणी लागते, कुंपण लागते आणि वेळ लागतो. तो वेळ जवळजवळ नेहमी बाईचा असतो आणि कोणत्याही हिशेबात धरला जात नाही.

आता मोठ्या शेतीकडे वळू. सेंद्रिय शेतीच्या वादात भावनेला बराच वाव मिळतो, पण पिकाला नत्र लागते ही गोष्ट भावनेने बदलत नाही. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणीत साधारण २१ किलो नत्र असते. चांगल्या शेणखतात नत्राचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का धरले, तर तेवढ्याच नत्रासाठी चार टनांहून अधिक शेणखत हवे, आणि त्यातलेही सगळे पहिल्याच हंगामात पिकाला मिळत नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात गायी-म्हशी मिळून सुमारे ३० कोटी जनावरे आहेत. पण बरेचसे शेण गोवऱ्या होऊन चुलीत जाते आणि ज्याच्या दावणीला एकही जनावर नाही, अशा अल्पभूधारकाला ते विकत घ्यावे लागते. द्विदल पिकांची फेरपालट आणि हिरवळीचे खत यांनी ही तूट भरता येते, पण त्यासाठी जमीन काही काळ गहू-भातापासून मोकळी ठेवावी लागते. जगभरातील प्रयोगांचा एकत्रित अभ्यास सेंद्रिय उत्पादन सरासरीने एक पंचमांश ते एक चतुर्थांश कमी दाखवतो. पीक आणि परिस्थितीनुसार हा फरक अगदी थोडाही असतो आणि बराच जास्तही.

या गणिताकडे दुर्लक्ष केले की काय होते, ते श्रीलंकेने दाखवले. एप्रिल २०२१ मध्ये तेथील सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी घातली आणि नोव्हेंबरपर्यंत माघार घ्यावी लागली. दरम्यान भाताचे पीक कोसळले आणि तांदळात जवळपास स्वयंपूर्ण असलेल्या देशाला तांदूळ आयात करावा लागला. तेथील संकटाला परकीय चलनाची टंचाईसह इतरही कारणे होती; पण शेतकऱ्याला तयारीचा अवधी न देता वरून लादलेली सेंद्रिय शेती सर्वांत आधी गरिबाच्या ताटावर घाला घालते, हा धडा त्यातून घ्यायलाच हवा.

तरीही ‘रासायनिक अन्न स्वस्त आणि सेंद्रिय महाग’ हे विधान मी जसेच्या तसे स्वीकारणार नाही. युरियाची गोणी शेतकऱ्याला सुमारे २६६ रुपयांना मिळते, कारण उरलेली किंमत सरकारी तिजोरी भरते. २०२२-२३ मध्ये जागतिक दर भडकले तेव्हा खतांवरील अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले होते. २०१० मध्ये स्फुरद आणि पालाशयुक्त खतांचे अनुदान पोषकद्रव्यांच्या प्रमाणाशी जोडले गेले, युरिया मात्र त्यातून वगळला गेला. परिणामी तो तुलनेने फारच स्वस्त राहिला आणि जमिनीत नत्राचा अतिरेक होत गेला. पंजाबात याच्या जोडीला भातासाठी फुकट विजेवर उपसलेले पाणी आहे. याउलट नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानासाठी २,४८१ कोटी रुपये आहेत आणि उद्दिष्ट साडेसात लाख हेक्टरांचे आहे. देशातील सुमारे १४ कोटी हेक्टर निव्वळ पेरणीक्षेत्राच्या तुलनेत हा अर्धा टक्का झाला. दुकानातील दोन डाळींच्या किमतींची तुलना करताना आपण दोन शेतीपद्धतींची तुलना करत नसतो. एका पद्धतीची बरीच किंमत करदाता आणि भूजल आधीच भरत असते, तर दुसरीत प्रमाणपत्र, लहान प्रमाणावरील वाहतूक आणि दुकानदाराचा नफा असे सगळे ग्राहकाच्या माथी येते.

देशातील तीन राज्यांचे अनुभव येथे उपयोगी पडतात. सिक्कीमने २००३ मध्ये सेंद्रिय शेतीचा निर्णय घेतला आणि जानेवारी २०१६ मध्ये ते देशातील पहिले पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून घोषित झाले. तेथे खतांचा वापर आधीपासूनच अत्यल्प होता आणि क्षेत्र सुमारे ७५ हजार हेक्टर. मोठी वेलची, आले, हळद यांना बाहेरची बाजारपेठ आहे. पण सिक्कीममधील कुटुंब जो भात खाते, त्यातला मोठा वाटा मैदानी प्रदेशातून येतो. म्हणजे सिक्कीम सेंद्रिय राहू शकते, कारण त्याच्यासाठी धान्य दुसरे कोणी पिकवते. यात सिक्कीमला कमी लेखण्यासारखे काही नाही, पण संपूर्ण देशासाठी हा नमुना चालणार नाही.

आंध्र प्रदेशाने २०१६ पासून वेगळी वाट धरली. सुभाष पाळेकर यांच्या झिरो बजेट शेतीपासून प्रेरणा घेऊन सुरू झालेला तेथील कार्यक्रम महिला बचत गटांच्या जाळ्यावर उभा आहे आणि काही लाख शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला आहे. बंदीऐवजी शेजारच्या शेतकऱ्याचा अनुभव हे तेथील साधन आहे. विकतच्या निविष्ठांवरचा खर्च घटतो, हा त्याचा ठळक लाभ. मजुरी आणि मेहनत वाढते, ही त्याची मर्यादा. कोरडवाहू भागात कर्जाचा बोजा हलका होणे ही लहान गोष्ट नव्हे. पण शेतकऱ्याचा खर्च कमी झाला म्हणून ग्राहकाचा दर आपोआप कमी होत नाही. मधली साखळी आहे तशीच राहते.

ही साखळी ओडिशाने वेगळ्या रीतीने जोडली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मिलेट्स मिशनने आदिवासी जिल्ह्यांतील नाचणीला हात घातला. तेथील बहुतेक नाचणी डोंगरउतारावर, पावसाच्या पाण्यावर आणि फारशा रसायनांविना पिकते. राज्याने ती आधारभूत किमतीने खरेदी केली, शिधावाटपात दिली, अंगणवाडीत तिचे लाडू आणले. तांदळापेक्षा नाचणीत कॅल्शियम कितीतरी पट अधिक असते. २०२५-२६ च्या हंगामात नाचणीची आधारभूत किंमत क्विंटलला ४,८८६ रुपये आहे, साध्या भाताची २,३६९ रुपये. म्हणजे सरकारला ती महागच पडते. पण खरेदीदार स्वतः राज्य असल्याने शेतकऱ्याला दूरच्या ग्राहकासाठी प्रमाणपत्राचा खर्च करावा लागत नाही आणि खाणाऱ्या मुलाला तो दर मोजावा लागत नाही.

माझ्या मते धोरणाची दिशा येथून मिळते. ‘देश सेंद्रिय करा’ किंवा ‘सेंद्रिय हे थोतांड आहे’ या दोन्ही घोषणा सोडून पीक आणि प्रदेशानुसार निर्णय घ्यायला हवा. गहू आणि भाताच्या बागायती पट्ट्यात तातडीने खत बंद करणे धोक्याचे आहे. तेथे युरियाचे अनुदान हळूहळू हेक्टरी थेट मदतीकडे वळवावे, म्हणजे डाळी घेणाऱ्या किंवा शेणखत वापरणाऱ्या शेतकऱ्यालाही त्याचा वाटा मिळेल. कोरडवाहू भागातील भरडधान्ये आणि डाळी यांची खरेदी शाळा, अंगणवाड्या आणि वसतिगृहांसाठी करावी.

भाजीपाला गावाच्या जवळच पिकवावा. शंभर मुलांच्या प्राथमिक शाळेला दिवसाला फक्त पाच किलो भाजी लागते. ती गावातल्याच महिला गटाला पिकवता येईल. केरळमध्ये कुटुंबश्रीच्या गटांनी पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेऊन सामूहिक शेती करून दाखवली आहे. अशा गटाशी शाळेने वर्षभराचा करार केला, तर वाहतूक आणि अडत वाचेल आणि तीच बचत त्या बाईच्या कष्टाचा मोबदला होऊ शकेल. पण त्यासाठी पावणेसात रुपयांची रक्कम वाढवावी लागेल. याच पैशांत सगळे बसवा म्हणणे म्हणजे तिचे श्रम पुन्हा फुकट मागणे होय.

आणखी एक गोष्ट या सगळ्याहून निकडीची आहे. लोक सेंद्रिय अन्नाकडे वळतात ते बहुधा कीटकनाशकांच्या भीतीने, आणि ही भीती निराधार नाही. केरळच्या कासरगोडमध्ये काजूच्या बागांवर वर्षानुवर्षे झालेल्या एंडोसल्फानच्या हवाई फवारणीची झळ अनेक कुटुंबे आजही सोसत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर २०११ मध्ये बंदी घातली. पण या भीतीवरचा उपाय श्रीमंतांसाठी वेगळे दुकान हा नव्हे. बाजार समितीत येणाऱ्या साध्या भाजीची नियमित तपासणी, तिचे निकाल जाहीर करणे आणि घातक रसायनांवर वेळीच बंदी ही राज्याची जबाबदारी आहे. सेंद्रिय अन्न निवडणे ही आवड असू शकते. विषमुक्त अन्न मिळणे हा मात्र शिधापत्रिकाधारकाचाही हक्क आहे.

तेव्हा परवडण्याच्या प्रश्नाला माझे उत्तर असे: धान्यासाठी आज नाही, भाजीसाठी बऱ्याच अंशी होय, भरडधान्ये आणि डाळींसाठी सरकार खरेदीदार झाले तर होय. पुढच्या अर्थसंकल्पात नैसर्गिक शेतीला किती कोटी मिळाले, हे आपण पाहूच. त्याच्या शेजारी शाळेतल्या मुलामागे दिवसाला किती पैसे वाढले, हेही पाहावे.