दुधाची वाटी

साप दूध पीत नाही हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. नागपंचमी आली की पेपरात तोच लेख येतो, व्हॉट्सॅपवर तेच फॉरवर्ड फिरतं आणि आपण शहरी, शिकलेली मंडळी मान डोलावतो.. बघा, अजून किती अंधश्रद्धा! गारुडी नागाला बरेच दिवस तहानलेला ठेवतो, मग तो बिचारा समोर येईल ते पितो, दूध त्याला पचत नाही, कधी श्वसनमार्गात जातं आणि तो मरतो. सगळं खरं आहे. पण माझं म्हणणं असं की दूध गेलं तरी वाटी अजून आपल्याच हातात आहे. समोरच्या जिवाला काय हवंय ते न बघता आपल्याला काय घालावंसं वाटतंय ते त्याच्यापुढे ठेवायचं, ही मूळ खोड काही गेलेली नाही. आणि हे मी गावाकडच्या कुणा आजीबद्दल बोलत नाहीये. काचेचा टँक, डिजिटल थर्मोस्टॅट आणि यूट्यूबवरून मिळवलेलं ज्ञान बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांबद्दल बोलतोय.

सांगायचं कारण म्हणजे इथे कॅलिफोर्नियात माझ्या ओळखीच्या तीन मराठी घरांत साप आहेत. (दचकू नका. पोरांना कुत्रा हवा असतो, अपार्टमेंटवाले कुत्रा ठेवू देत नाहीत, मांजराच्या केसांची कुणाला तरी अ‍ॅलर्जी असते. मग तडजोड होत होत गाडी सापावर येऊन थांबते.) त्यातल्या एकीचं नाव चकली. ती कॉर्न स्नेक, म्हणजे आपल्या धामणीची लांबची अमेरिकन चुलत बहीण म्हणा. बिनविषारी, केशरी, अंगावर लालसर ठिपके. मित्राच्या मुलीने नाव ठेवलंय आणि ती वेटोळं घालून बसली की नावाबद्दल तक्रार करायला जागा उरत नाही. गेल्या डिसेंबरात ती मंडळी तीन आठवडे भारतात गेली तेव्हा चकली माझ्याकडे होती. वजन अकरा ग्रॅम. परत वाचा, अकरा ग्रॅम! माझ्या गाडीच्या किल्लीचं वजन जास्त असेल.

तर अशा अकरा ग्रॅमच्या जिवाला काय लागतं? पाच ते सात दिवसांतून एकदा एक 'पिंकी'. पिंकी म्हणजे उंदराचं नुकतं जन्मलेलं, केस न आलेलं पिल्लू, दीड-दोन ग्रॅमचं. ते मेलेलं आणि गोठवलेलं मिळतं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून बर्फ उतरवायचा, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात धरायचं, शरीराच्या उबेइतकं गरम झालं की चिमट्यात पकडून पुढे करायचं. मायक्रोवेव्ह नाही! (का नाही, हे ज्याने मायक्रोवेव्हमध्ये अंडं ठेवलंय त्याला सांगावं लागणार नाही.) घास केवढा, तर सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढा, फार तर त्याच्या दीडपट. त्यानंतर निदान दोन दिवस हात लावायचा नाही. टँकच्या एका टोकाला तीस अंश सेल्सियसच्या आसपास ऊब हवी, कारण सापाच्या पोटातली भट्टी बाहेरून पेटवावी लागते. ऊब नसेल तर गिळलेलं आत सडतं. बास, एवढंच. आठवड्याचा एक क्रॉन जॉब आहे झालं.

आणि हेच लोकांना झेपत नाही. आठवड्यातून एकदाच? बिचारी उपाशी राहील! ज्या संस्कृतीत पाहुण्याने 'पुरे' म्हटल्यावर खरं वाढायला सुरुवात होते, तिथे हे जड जाणारच. हापिसातल्या एकाने मुलाच्या वाढदिवसाला सापालाही 'पार्टी' दिली. एका पिंकीऐवजी अंगावर लव आलेला मोठा उंदीर. सापाने गिळला, कारण साप गिळतो. दुसऱ्या दिवशी जमलेल्या प्रत्येक पोराने त्याला हातात घेऊन फोटो काढले आणि संध्याकाळपर्यंत त्याने तो उंदीर अर्धवट पचलेल्या अवस्थेत ओकून टाकला. आता पोट रिकामं झालं म्हणून त्याच रात्री पुन्हा खायला घातलं. पुन्हा ओकला. वास्तविक सापाने एकदा ओकलं की दहा ते चौदा दिवस फक्त पाणी द्यायचं आणि पुढचा घास नेहमीपेक्षा लहान द्यायचा असतो. ओकताना पोटातलं आम्ल अन्ननलिका भाजत वर येतं, शरीरातलं पाणी जातं, सगळी यंत्रणा विस्कटते. पिल्लाकडे तर शिल्लक काहीच नसते. तीनेक आठवड्यांत ते गेलं. घरात कुणी दुष्ट नव्हतं हो. सगळ्यांनी माया केली, एवढंच.

दुसरा प्रकार उलटा. पिल्लू खातच नाही. अंडं फोडून बाहेर आल्यावर पहिली कात टाकेपर्यंत ते सहसा खात नाही, आतल्या बलकावर त्याचं भागतं. नवीन घरी आल्यावर आठवडाभर बुजलेलं असतं. कात टाकायची वेळ आली, डोळे निळसर-दुधाळ झाले की बऱ्याचदा नकार. शिवाय रानातली कॉर्न स्नेकची पिल्लं उंदरापेक्षा छोट्या पाली-सरडे आणि बेडूक जास्त खातात, त्यामुळे काहींना उंदीर हे अन्न आहे हेच पटत नाही. यावर उपाय आहेत : अंधार करा, पिल्लाला पिंकीसकट भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात रात्रभर निवांत ठेवा, पिंकीला सरड्याचा वास लावा. अगदीच आठवडे उलटले आणि वजन उतरायला लागलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा. पण आपण काय करतो? दर दोन तासांनी झाकण उघडतो, नाकासमोर उंदीर नाचवतो, 'खा ना गं' म्हणतो. भक्ष्य होणाऱ्या प्राण्याला असं वाटतं की आपल्याला कुणीतरी खायला आलंय, आणि खायला आलेल्याच्या समोर कुणी जेवत नाही. चकलीने माझ्याकडे पहिला घास नाकारला. मी पिंकी उचलून टाकली, टँकवर टॉवेल टाकला आणि पाच दिवसांनी पुन्हा विचारलं. तेव्हा घेतला. एक्सेलमध्ये नोंद केली. मित्राला दिल्लीच्या विमानतळावर मेसेज केला तर त्याचा जीव भांड्यात पडला.

आता पाण्याबद्दल, कारण ते सगळ्यात दुर्लक्षित. खाण्यावाचून साप आठवडे काढतो, पाण्यावाचून नाही. त्या तीन आठवड्यांत चकली माझ्याकडे तीनदा जेवली, पाणी मात्र मी रोज बदललं. खरं तर माझी नेमणूक पाण्यासाठीच होती. भांडं जड हवं, नाहीतर ती त्याखाली घुसून उलटवते आणि ओल्या बिछान्यावर पडून राहिली तर कातडीला इजा होते. एवढं मोठं की वाटलं तर आत वेटोळं घालून बसता येईल, आणि एवढं उथळ की पिल्लू बुडणार नाही. ती त्यातच घाण करते, म्हणून रोज बघायचं. आणि फार वेळ पाण्यातच बसून राहायला लागली तर कौतुक करण्याआधी टँक जास्त तापलाय का, अंगावर गोचीडवजा माइट्स झालेत का हे तपासायचं.

साप पाणी पितो कसा हे बघण्यासारखं आहे. जीभ लपलप करतो तेव्हा तो पीत नसतो, हुंगत असतो. पिताना तो ओठ पाण्याला टेकवून अगदी स्तब्ध होतो, फक्त जबडा आणि घसा हलके हलके हलत राहतो. हे शोषण आहे, स्ट्रॉने ओढल्यासारखं, असं बराच काळ मानलं जायचं. २०१२ मध्ये डेव्हिड कंडाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यांनी अभ्यासलेल्या सापांमध्ये खालच्या जबड्यातल्या मऊ घड्या स्पंजासारखं पाणी धरतात आणि स्नायू ते पिळून घशात ढकलतात. त्यात चकलीचा जवळचा नातेवाईक असलेला ग्रे रॅट स्नेकही होता. भक्ष्य गिळायला जबडा ताणता यावा म्हणून त्या घड्या, आणि त्याच पाणी प्यायलाही कामी येतात. एका मॉड्यूलचे दोन उपयोग! मी सकाळची मीटिंग म्यूट करून हे चार मिनिटं बघत बसलो होतो.

बरं, 'दूध पिणारा साप' ही काही आपलीच मक्तेदारी नाही. धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते असं आपल्याकडे सांगतात ना? अगदी तसंच अमेरिकन शेतकरी एका सापाबद्दल सांगायचे आणि त्याचं नावच 'मिल्क स्नेक' पडलं. तो गोठ्यात यायचा उंदरांसाठी, आळ आला दुधाचा. धामणीचीही तीच कथा.

आता खरा वादाचा मुद्दा. मित्राचं घर शाकाहारी, आणि त्याची आई सहा महिने इथे होती. साप असण्याला काकूंची ना नव्हती. फ्रिजरमध्ये मटारच्या पाकिटाशेजारी उंदरांचं पाकीट सापडलं तेव्हा मात्र त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल ठेवायला नकार दिला. मित्राने मला मध्यस्थीला बोलावलं. मी म्हटलं, "काकू, सीलबंद आहे हो ते." त्या म्हणाल्या, "अरे, पाळलाय ना, मग त्याला त्याचं खाणं घाला, मी नको कुठे म्हणते? पण माझ्या मटारशेजारी नाही." हा सोवळ्याओवळ्याचा प्रश्न आहे असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं, पण काकूंच्या बाजूने चक्क अमेरिकेची सीडीसी आहे! गोठवल्याने सॅल्मोनेला मरत नाही, गोठवलेल्या उंदरांमुळे माणसं आजारी पडल्याच्या साथी इथे नोंदल्या गेल्यात, आणि हे उंदीर माणसांच्या अन्नापासून वेगळे ठेवा, नंतर हात साबणाने धुवा, पाच वर्षांखालच्या मुलांना साप हाताळू देऊ नका असं सरकारी सल्ल्यातच लिहिलंय. गॅरेजमध्ये छोटा फ्रिजर आला. विषय संपला.

माझ्या मते काकूंच्या पहिल्या वाक्यात सगळं आलं. शाकाहारी माणसाने साप पाळू नये असं मी म्हणणार नाही. पण चिमट्यात उंदीर धरायची तयारी नसेल तर पाळू नये, आणि तो चिमटा दहा वर्षांच्या मुलीवर सोपवून आपण तोंड फिरवणार असू तर मुळीच नाही. कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षं सहज जगतो, म्हणजे मुलगी कॉलेजला गेल्यावर चिमटा तुमच्याच हातात येणार. काही जण दुसऱ्या टोकाला जातात, जिवंत उंदीर सोडून व्हिडिओ काढतात. "निसर्गात असंच असतं." निसर्गात उंदराला पळायला जागा असते राव! काचेच्या पेटीत घाबरलेला मोठा उंदीर सापाला कडकडून चावतो, डोळा फोडतो. मेलेला उंदीर साप आनंदाने घेत असताना जिवंत घालणं ही पुन्हा तीच वाटी. सापाला त्यातलं काही नको असतं, बघणाऱ्याला हवं असतं.

पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी एक कोरडी गोष्ट : १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे नाग, धामण वगैरे आपले साप घरी पाळता येत नाहीत. बॉल पायथनसारखे साइट्सच्या यादीतले परदेशी साप असतील तर २०२२च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, त्यांची नोंदणी लागते. 'मित्राच्या ओळखीने' मिळणारं पिल्लू कुठून आलं ते विचारा. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांत बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक सापडल्याच्या बातम्या मुंबई आणि चेन्नईच्या विमानतळांवरून येतच असतात.

असो. चकली आता सत्तर ग्रॅमची झालीय आणि पिंकीवरून पुढच्या आकारावर गेलीय. पुढच्या डिसेंबरात ती पुन्हा माझ्याकडे यायचीय. मित्राने आधीच विचारून ठेवलंय, "जमेल ना रे?" मी म्हटलं, जमेल, पण गॅरेजातला फ्रिजरही बरोबर पाठव.