दांतांची ठेवण आणि रात्रीचा श्वास

गेल्या वर्षीं वैशाखांत बारामतीस आमच्या नातवाची मुंज झाली. मंगलाष्टकें, मातृभोजन, भिक्षावळ, सारें यथासांग पार पडलें. दुसऱ्या दिवशीं संध्या शिकविण्यासाठीं आम्हीं त्यास पाटावर बसविलें आणि प्राणायामास नाकपुडी धरावयास सांगितलें. नाकपुडी मिटतांच बटूचें तोंड उघडलें. "तोंड मीट," असें आम्हीं म्हणतांच त्यानें तें मिटलें, परंतु लगेच डोळे पाणावले, चेहरा लाल झाला आणि तो म्हणाला, "आजोबा, श्वासच येत नाहीं हो!" आम्ही रागें भरणार, इतक्यांत सूनबाई स्वयंपाकघरांतून म्हणाली, "मामंजी, तो रात्रींही असाच तोंड उघडें टाकून निजतो. घोरतोसुद्धां." आम्ही हंसून म्हणालों, "खेळून दमतो, गाढ झोंप लागते."

हें आमचें उत्तर चुकीचें होतें. किती चुकीचें, तें वाचकांपुढें मांडणें आम्हांस कर्तव्य वाटतें.

च, छ, ज, झ हे तालव्य वर्ण, हें व्याकरण शिकलेल्यांस स्मरत असेलच. जीभ ज्या छतास लावून हे वर्ण उच्चारतात तो टाळू. परंतु तोंडाचें जें छत तीच नाकाची जमीन, हें आम्हांस साठी उलटल्यावर उमगलें. मनुष्य ओंठ मिटून नाकानें श्वास घेतो तेव्हां जीभ टाळूस टेकून असते व वरच्या जबड्यास आंतून आधार देते. नाक चोंदलें कीं तोंड उघडतें, जीभ खालीं पडते आणि गालांचा दाब तेवढा उरतो. वाढत्या वयांत असें वर्षानुवर्षें चाललें तर जबड्याची कमान अरुंद व खोल होऊं शकते, दांतांस जागा पुरत नाहीं आणि वरच्या मजल्यावरील नाकाची वाटही आकुंचते. वेडेवांकडे दांत पुष्कळदां केवळ वंशपरंपरेनेंही येतात, हें खरें. परंतु दांत वांकडे, तोंड उघडें आणि रात्रीं घोरणें, हीं तिन्ही लक्षणें एकत्र दिसलीं तर स्वस्थ बसूं नये.

नातवास प्रथम नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलें. नाकाच्या मागच्या बाजूस ॲडिनॉइड नांवाची ग्रंथि असते. ती लहानपणीं वाढते व पुढें बहुधा आपोआप आकसते; परंतु फार फुगली तर श्वासाची वाट अडविते. आमच्या बाजूस ऊंसतोडणीनंतर पाचट पेटवितात. त्या धुरानें नाक चोंदणारीं मुलेंही असतात. डॉक्टरांनीं विचारलें, आठवड्यांत किती रात्रीं घोरतो? मध्येंच श्वास थांबून दचकतो काय? अंथरूण ओलें होतें काय? दिवसां पेंगतो, किंवा उलट अकारण चिडून एका जागीं ठरत नाहीं, असें होतें काय? मग पुण्यास रात्रभर झोंपेची तपासणी झाली. मुलाचा श्वास वाट अडून तासांत सरासरीनें एकदां जरी थांबला तरी डॉक्टर त्याची दखल घेतात. मोठ्या माणसांत हीच मर्यादा ५ आहे.

अशा मुलांत पहिला उपाय बहुधा दांतांचा नसून त्या ग्रंथींचा व टॉन्सिलांचा असतो. अमेरिकेंत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांची पाहणी झाली, ती २०१३ सालीं प्रसिद्ध आहे. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं शेंकडा ७९ मुलांची झोंपेची तपासणी सात महिन्यांनीं निर्दोष निघाली. नुसतें लक्ष ठेवलेल्यांतही शेंकडा ४६ जणांची निघाली. म्हणजे हयगय नको, तशी घाईही नको. आमच्या नातवाचें काम नाकांतील औषधावरच भागलें. पण टाळू अरुंद राहिला होता, म्हणून दांतांस तारा लावणाऱ्या डॉक्टरांकडे जाणें झालें.

वरच्या जबड्याचे दोन अर्धभाग मध्यें एका सांध्यानें जोडलेले असतात. सुमारें चौदा-पंधरा वर्षांपर्यंत तो सांधा सहसा पुरा घट्ट झालेला नसतो. दाढांस बसविलेल्या पट्टींत एक बारीक स्क्रू असतो. त्यास घरींच किल्ली लावावयाची. एका खेपेस जबडा सुमारें पाव मिलिमीटर रुंदावतो. दोनतीन आठवड्यांनीं फिरविणें थांबवितात, आणि पट्टी सुमारें सहा महिने तशीच ठेवितात, म्हणजे सांध्यांत नवें हाड भरतें. मध्यंतरीं पुढच्या दोन दांतांत फट पडते. सूनबाई तीमुळें घाबरली होती, परंतु ती बहुधा आपोआप मिटते. ही युक्ति नवी नव्हे. अमेरिकेंतील एंजेल नांवाच्या दंतवैद्यानें ती १८६० सालीं प्रसिद्ध केली होती. टाळू रुंदावला कीं नाकाची जमीनही रुंदावते, आणि कांहीं मुलांचा रात्रीचा श्वास त्यानें सुधारतो.

सर्वांचा मात्र नव्हे. अमेरिकेंतील दंतव्यंग-तज्ज्ञांच्या संस्थेनें २०१९ सालीं स्पष्ट सांगितलें कीं, श्वासाच्या रोगाचें निदान वैद्यानें करावें, आणि पुढें रोग होऊं नये एवढ्याचसाठीं कोणाचा जबडा रुंदावूं नये. तोंडास पट्टी चिकटवून निजण्याचा जो प्रकार हल्लीं कानीं येतो, तोही नाक चोंदलेल्या मुलावर कदापि करूं नये.

आतां एक जुना अपराध सांगतों. पस्तीस वर्षांपूर्वीं इंदापूर तालुक्यांतील एका खेड्यांत आम्ही तिसरीचा वर्ग शिकवीत होतों. शेवटच्या ओळींत एक मुलगा बसे. तोंड सदा उघडें, आणि दुपारीं हटकून पेंगे. 'मामा' वाचावयास सांगावें तर 'बाबा' असें ऐकूं येई. अनुनासिकाचा वारा नाकांतून जावा लागतो. नाकच बंद असेल तर म चा ब आणि न चा द होतो. इतकें उच्चारशास्त्र आम्हांस ठाऊक होतें, पण तें आम्हीं त्या मुलास लावून पाहिलें नाहीं. त्यास आळशी म्हटलें, मंद म्हटलें आणि कित्येकदां अंगठे धरावयास लावले. परवां इंदापूरच्या एस्. टी. स्थानकावर तो भेटला. त्यानें वांकून नमस्कार केला. बोलतांना कळलें कीं, झोंपेंत श्वास थांबतो म्हणून तो रोज रात्रीं हवेचा दाब देणाऱ्या यंत्राचा मुखवटा नाकावर लावून निजतो. आम्हीं क्षमा मागितली, तेव्हां तो म्हणाला, "गुरुजी, तेव्हां कोणाला ठाऊक होतें?"

त्याचें म्हणणें खरें. परंतु आतां ठाऊक आहे. शाळांतून व आंगणवाड्यांतून मुलांची तपासणी करणारी सरकारी योजना २०१३ सालीं आपल्याच पालघराहून सुरू झाली. तीं पथकें येतील तेव्हां ही तक्रार आवर्जून सांगावी. आमचा नातू अजून सर्दींत घोरतो. परंतु परवां त्यानें तोंड मिटून तीन प्राणायाम पुरे केले.

वाचकांस एवढीच विनंति, कीं आज रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं मुलांच्या अंथरुणाशीं दोन मिनिटें उभें राहावें आणि श्वास कोठून चालला आहे तें पाहावें.