बल्बचं झाकण उघडू नका!

माणगावकरांनो, गणपती तोंडावर आले. मुंबईची माणसं गावाला निघतील, अंगणाअंगणात फोकस लागतील. त्याआधी एवढं वाचा, घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

स्वस्त एलईडी बल्बात आणि फोकसमध्ये हल्ली ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज जुळवून देणारा भाग, वेगळा नसतो. त्याचे सगळे भाग एलईडी दाण्यांच्याच ॲल्युमिनियम प्लेटवर बसवतात. दुकानात याला 'डीओबी', म्हणजे 'ड्रायव्हर ऑन बोर्ड', म्हणतात. बल्ब स्वस्त झाला, हे चांगलंच झालं. पण यातल्या बहुतेक प्लेटींवर ट्रान्सफॉर्मर नसतो. घरातली 230 व्होल्टची वीज तिथे थेट पोचते. तिचा सर्वोच्च दाब 325 व्होल्टच्या आसपास असतो. ती वीज आणि खालचा धातू यांच्यात कागदाएवढा पातळ थर. बाकी काही नाही.

म्हणून हात आवरा. एक दाणा काळा पडला की झाकण काढायचं, तो दाणा सोल्डरने शॉर्ट करायचा, असे व्हिडिओ तुमची पोरं बघतात. त्यांना थांबवा. बटण बंद आहे म्हणून बेफिकीर राहू नका. वायरिंग करताना बटण चुकून न्यूट्रलवर बसलेलं असलं, तर बल्ब विझतो, पण प्लेटमध्ये वीज राहतेच. गेलेला बल्ब बदला, उघडू नका. बदलतानाही मेन स्विच बंद करा.

आपला पाऊस तुम्हाला काय सांगायचा! अंगण ओलं, पाय अनवाणी. फोकसची बॉडी धातूची. आतला थर फाटला आणि अर्थिंग नसलं, तर बॉडीत वीज उतरते, तिथून मंडपाच्या लोखंडी पाइपात. त्याच पाइपाला धरून लहान मुलं गोल फिरतात.

तेव्हा फोकसची अर्थिंगची हिरवी वायर कापू नका. ती जोडून घ्याच. विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. खोक्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक बघूनच माल घ्या. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर घाईत ओढलेल्या वायरी तुमच्याकडे अजून तशाच असतील, तर त्या आधी बदला. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांनो, तुम्हाला हे कळतं. सुट्टीला घरी आलात की वायरमनला सोबत घेऊन आपल्या आळीत फिरा. शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजीचं घर विसरू नका.

आणि कुणी विजेला चिकटलंच, तर हाताने ओढू नका. आधी मेन बंद करा.

मंडपाचे पाइप उभे राहायच्या आत वायरमनला बोलवा. उद्यावर ढकलू नका, आजच सांगा.