सर्वांची मिळून एक सुट्टी

आठवड्याची सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांनी सभा भरवून, सह्या गोळा करून मिळवली. १८८१च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने फक्त लहान मुलांच्या कामाचे तास ठरवून दिले. मोठ्या माणसांना त्याने हातच लावला नाही. गिरणी उजाडताना सुरू होई आणि अंधार पडला की थांबे. १८८४ मध्ये सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांची सभा घेतली. त्यातून निघालेल्या निवेदनावर सुमारे साडेपाच हजार सह्या झाल्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि सूर्यास्तानंतर काम नाही, या त्यातल्या प्रमुख मागण्या होत्या. १८९०च्या एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगार सभेला जमले आणि तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

तरी संध्याकाळ अजून सुरक्षित नव्हती. १९०५च्या सुमारास गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले आणि दिवस मावळण्याची जुनी मर्यादा नाहीशी झाली. अनेक गिरण्यांत काम तेरा-चौदा तासांवर गेले. कामगारांच्या असंतोषानंतर १९११च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. पुढे आठवड्याचे तास १९२२ मध्ये ६०, १९३४ मध्ये ५४ आणि १९४६ मध्ये ४८ झाले.

या सुटलेल्या तासांत गिरणगाव घडले. चाळीचाळींतून भजनी मंडळे, व्यायामशाळा, कबड्डीचे संघ आणि वाचनालये उभी राहिली. कामगार रंगभूमी याच वस्तीतली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लालबावटा कलापथकाला ऐकायला जमणारी गर्दी कामावरून सुटलेल्या माणसांची होती. यामागची साधी अट सहज नजरेआड होते: सगळे एकाच वेळी मोकळे असत. कबड्डीला सात जण एकदम लागतात, भजनाला टाळकरी लागतात.

आज मोडली आहे ती नेमकी ही अट. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवण्याची मुभा दिली. कामगाराची साप्ताहिक सुट्टी कायम राहिली, पण तिचा वार ज्याचा त्याचा वेगळा झाला. नवऱ्याला मंगळवारी, बायकोला शुक्रवारी आणि मुलांना रविवारी सुट्टी असलेल्या घरात सुट्टी असते, सोबत नसते. शहरातल्या एकाचा आरामाचा रविवार आता घरपोच सामान पोहोचवणाऱ्या दुसऱ्याच्या धावपळीवर चालतो. कार्यालयात बसणाऱ्यांच्या बाबतीत विजेच्या दिव्याचे काम मोबाइलने केले आहे. साहेबांचा संदेश रात्री दहालाही येतो आणि त्याला उत्तर देणे हे कोणत्याही हजेरीपटात नोंदले जात नाही.

स्त्रियांच्या घरकामाचे तास तर कायद्याच्या कक्षेत कधी आलेच नाहीत. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. नोकरी करणाऱ्या बाईचा रविवार साठलेल्या कामांतच संपतो. घरातल्या पुरुषांनी भांडी आणि धुणे हाती घेतल्याखेरीज हा आकडा हलणार नाही.

२०२५च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याच्या बदलाला मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा ४८ तासच राहील, असे सरकारचे म्हणणे आहे. पण बारा तासांच्या पाळीला मुंबई-ठाण्याचा लोकल प्रवास जोडला की त्या दिवशी जेवण आणि झोप एवढेच उरते. कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. कामगार संघटनांनी वेतनवाढीइतक्याच आग्रहाने हा हक्क आणि सर्वांची मिळून एक सुट्टी आपल्या मागण्यांत घ्यावी.